हौदातले एकोणीस ट्राउट

१

भाचीच्या हौदातून एकोणीस मासे नाहीसे झाले, ही बातमी आमच्या घरी सव्वापाचला आली. मी नुकताच चहाचा कप तोंडाला लावला होता. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतून ज्या आवाजात बोलतो, त्याच आवाजात भाची फोनवर बोलत होती. आमच्या हिने फोन ठेवला, चष्मा घेतला आणि चपला पायात सरकवल्या. चहाचं काय, असं मी विचारलं. ती तोवर दाराबाहेर होती.

ही म्हणजे माझी बायको, भाचीची मामी. विमा कंपनीत एकतीस वर्षं आगीचे आणि चोरीचे दावे तपासायचं काम तिने केलं. खोटा दावा तिला दारातूनच वास देतो म्हणे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सवय जात नाही. मला बाजारातून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर माझासुद्धा जबाब होतो.

आता हौद काय प्रकरण आहे ते सांगतो. भाचीने मागच्या अंगणात हजार लिटरचा काळा हौद बसवलाय. पंपाने त्यातलं पाणी वर चढतं, खडी भरलेल्या दोन लांब वाफ्यांतून झिरपतं आणि पुन्हा हौदात पडतं. माशांची घाण भाजीला खत होते आणि भाजीने गाळलेलं पाणी माशांना परत मिळतं. याला अ‍ॅक्वापोनिक्स म्हणतात. हा शब्द धड उच्चारायला मला तीन महिने लागले, आणि अजूनही चारचौघांत मी तो टाळतो.

भाची बारा वर्षं बेकरीत होती. बेकरी बंद पडली आणि ती एका लाँड्रीत लागली. तिथे सकाळी सातपासून लोकांच्या चादरींच्या घड्या घालते. शाळेच्या मागे एक जुनं काचघर रिकामं पडलं होतं. ते चालवायला कुणाकडे द्यायचं हे ठरवणारी समिती दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिच्या अंगणात येणार होती. त्यांना जिवंत मासे बघायचे होते, वाढती भाजी बघायची होती आणि पाण्याच्या तापमानाची नोंदवही बघायची होती. काचघर मिळालं तर लाँड्री सुटणार होती. म्हणून भाचीने थंडीत बोटाएवढे ट्राउट, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यांतले मासे, आणून वितीएवढे केले होते. सगळे लोक साधे मासे पाळतात, आपण ट्राउट दाखवायचे, असं तिने मनाशी धरलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती हौदापाशी उभी होती. रडत नव्हती, आणि तेच बघवत नव्हतं. हौदात दोन लाल कार्प मासे मजेत फिरत होते. ते भाचीच्या सासूबाईंच्या हट्टामुळे घेतलेले. बाकी सगळं पाणी रिकामं होतं. आठवडाभर ती लाँड्रीतल्या जोडीदारणीचीही पाळी सांभाळून रात्री आठला घरी येत होती. आज उद्याच्या तयारीसाठी लवकर सुटली आणि हे बघितलं.

मी धीर द्यायला म्हणून वाफ्याच्या कडेला, खडीवरच बसलो आणि तसाच उठलो. खडी इतकी तापली होती की बूड भाजून निघालं. हिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाण्यात लटकवलेला थर्मामीटर तिने वर ओढून वाचला. तेवीस अंश. मग खिळ्याला टांगलेली नोंदवही चाळली. गेल्या चार दिवसांचे आकडे सोळा, सोळा, सतरा, सोळा असे होते, भाचीच्या नीटस अक्षरात. ही नुसतीच "हं" म्हणाली.

मग तिने हौदाच्या आतल्या भिंतीवर बोट ठेवलं. शेवाळाची ओली रेघ पाण्याच्या चांगली चार बोटं वर होती.

"चोर मासे नेतो," ती म्हणाली. "हा पाणीसुद्धा घेऊन गेलाय. तळायचे मासे कुणी पाण्यातून नेतं का?"

२

मला चोर केव्हाच सापडला होता. आमचे जावई, म्हणजे भाचीचा नवरा. बस चालवतात, माणूस सोन्यासारखा, पण खोलीच्या खिडकीखाली तो पंप रात्रंदिवस गुरगुरतो म्हणून वैतागलेला. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाले होते की, एखाद्या दिवशी मी हे सगळे ट्राउट लोण्यात परतून खाणार आहे. मी हे हिच्या कानात सांगितलं. ती म्हणाली, अहो, जो माणूस आधी सांगून ठेवतो त्याच्या दाव्यात मला कधी खोट सापडली नाही.

जावई सहाला ड्यूटीवरून आले आणि दारातच त्यांना मासे गेल्याचं कळलं. सकाळपासून बसवरच होते, कंडक्टर साक्षीला आहे, असं त्यांनी न विचारताच सांगून टाकलं. रिकामा हौद बघितल्यावर त्यांचा चेहरा पडला. आधी बायकोकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि मग गपचूप मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. पंपावरचा राग त्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हता. मला जरा वाईटच वाटलं, कारण माझा संशय इतका सोयीचा होता.

मग विहीणबाई. भाचीच्या सासूबाई पूर्वी शिवणकाम करायच्या. आता गुडघे दुखतात म्हणून घरीच असतात. दुपारी दोन ते चार त्या झोपतात, आणि त्या झोपेत छप्पर उडून गेलं तरी त्यांना कळत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी तेच सांगितलं. झोपले होते, काही दिसलं नाही, काही ऐकलं नाही. मध्येच दोनदा शिंकल्या. नाक लाल झालेलं आणि अंगात जाड लोकरीचा स्वेटर. बाहेर अंगण भाजत होतं. सर्दी झालीय, म्हणाल्या.

सासू-सुनेचं तसं बरं आहे. फक्त हौदावरून बिनसलेलं. विहीणबाईंचं म्हणणं पहिल्यापासून असं की आपल्या अंगणाला कार्पच बरे, ते ऊन सोसतात, थंडी सोसतात, ट्राउटची नाटकं आपल्याला झेपायची नाहीत. महिन्यापूर्वी त्यांनी विचारल्याशिवाय हौदात हात घालून काहीतरी हलवलं, तेव्हा भाची तडकली. आई, माझ्या हौदाला हात लावायचा नाही, असं स्पष्ट बोलली. विहीणबाईंनी शब्द दिला. तेव्हापासून दोघी हौद सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतात.

एवढ्या चौकशीत माझा घसा कोरडा पडला. थंड पाणी मागितलं, तर फ्रिजमध्ये बर्फाचा एक खडा नाही. चारही साचे मोरीवर उपडे पडलेले. इतक्या उन्हाळ्यात बर्फ लावायचं कुणालाच सुचू नये, याची मला चीड आली आणि मी ती बोलून दाखवली. ही माझ्याकडे कौतुकाने बघत राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात असं कौतुक माझ्या वाट्याला फार वेळा आलेलं नाही, त्यामुळे मी कोमट पाणीच पिऊन टाकलं.

तेवढ्यात जावयांना आठवलं. चार वाजता त्यांची बस कोपऱ्यावरून वळली, तेव्हा घराच्या मागच्या फाटकाशी कुणीतरी हातगाडी घेऊन उभं होतं. त्यांनी माणूस ओळखला होता. तो मशरूमवाला होता, आणि काचघरासाठी दुसरा अर्ज त्याचाच होता.

३

मशरूमवाला पलीकडच्या गल्लीत राहतो. फिकट, किडकिडीत, हळू बोलणारा. आम्ही गेलो तेव्हा तो दारातच हातगाडीवर खोकी रचत होता आणि खोक्यांवर ओलं फडकं टाकलेलं. मी काही बोलायच्या आत फडकं ओढलं. खाली मशरूम. पांढरीशुभ्र, हारीने लावलेली. मी फडकं परत टाकलं आणि हवा फार छान आहे असं काहीतरी बोललो.

हिने त्याला सरळच विचारलं. तो हसायला लागला. काचघर घेऊन मी काय करू, म्हणाला. मशरूमला ऊन म्हणजे मरण. अर्ज त्याचाच होता, पण तो काचघराखालच्या अंधाऱ्या कोठारासाठी. भाचीला काचघर मिळालं तर त्याला आनंदच होता, कारण वरचा माणूस शांत हवा आणि मासे ओरडत नाहीत.

मग चार वाजता फाटकाशी काय करत होतात? तर गाडी परत आणायला गेलो होतो, म्हणाला. तीन वाजता फुलवाली ती मागून घेऊन गेली होती. फुलवालीचं दुकान भाचीच्या घराला लागूनच आहे, मध्ये फक्त एक भिंत. तिच्या दुकानामागे फुलांसाठी थंड खोली आहे, आणि मशरूमवाला आपला मालही तिथेच ठेवतो. गाडी परत मिळाली तेव्हा फळ्या ओल्याचिंब होत्या. फुलं म्हटली की पाणी आलंच, म्हणून त्याने काही विचारलं नाही.

परतताना फुलवालीच्या दुकानावरून आलो. दार बंद, आणि दारावर चिठ्ठी: एका लग्नाच्या सजावटीसाठी बाहेरगावी, दुकान उद्या दुपारी एकला उघडेल. ही चिठ्ठी वाचत उभी राहिली. मग रस्त्यावरच हसू लागली, अगदी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी विचारलं, झालं तरी काय.

"चोर सापडला," ती म्हणाली. "पण जबाब घ्यायच्या आधी त्याला एक रुमाल द्यावा लागेल."

४

स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती आम्ही पाचही जण बसलो. हिने नोंदवही मध्ये ठेवली आणि भाचीला पहिला प्रश्न विचारला: तापमान किती वाजता घेतेस? भाची म्हणाली, सकाळी सहाला. रोज, न चुकता. बेकरीत पहाटेच पाण्याचं तापमान घ्यायचे आणि त्यावर दिवसभराच्या कणकेचा हिशोब लागायचा. एकदा घेतलं की झालं. ही सवय तिने जशीच्या तशी हौदापाशी आणली होती.

मग हिने शांतपणे एकेक गोष्ट मांडली. पहाटेला पाणी सर्वांत गार असतं, म्हणून वहीत सोळा. दिवसभर काळा हौद उन्हात, आणि पंप तेच पाणी तापलेल्या खडीतून पुन्हा पुन्हा फिरवतो. ती खडी किती तापते याची साक्ष तुझ्या मामाने बसल्या बसल्या दिली आहे. साडेपाचला मी स्वतः तेवीस वाचलं, तीन वाजता त्याहून जास्तच असणार. ट्राउट अठरापर्यंत आनंदात, विशीच्या वर कासावीस आणि पंचविशीला मरायला टेकतो. ऊन चारच दिवसांपूर्वी चढलं आणि नेमकं याच आठवड्यात तू रात्री घरी येत होतीस. तुझी वही खरी आहे, पण ती फक्त सहा वाजताची आहे.

भाचीचा चेहरा पांढरा पडला. मेले का ते, एवढंच तिने विचारलं.

मेले असते तर इथे असते, ही म्हणाली. ज्याने नेले त्याने फक्त ट्राउट नेले. कार्पना हातही लावला नाही, कारण त्यांना हे पाणी चालतं हे त्याला माहीत होतं. सोबत हौदातलंच पाणी नेलं, म्हणजे एकदम गार पाण्याचा धक्का बसणार नाही. आधी घरातला सगळा बर्फ ओतून पाहिला, चारही साचे रिकामे केले, तो पुरला नाही. मग गाडी मागवली. हे सगळं करणारा माणूस दुपारी तीनला घरी होता, जागा होता, मासे वर येऊन तोंड उघडताना त्याने पाहिले होते. आणि मासे ठेवून येताना तो थंड खोलीत बराच वेळ थांबला होता.

टेबलाच्या त्या टोकाला विहीणबाई जोरात शिंकल्या. हिने त्यांच्यापुढे रुमाल सरकवला.

त्यांनी तो घेतला आणि सगळं सांगितलं. दुपारी झोपतात हे खरं होतं, पण दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं. आता गुडघ्यांमुळे झोप येत नाही, पण लोकांना काळजी नको म्हणून पडून राहतात. चार दिवस खिडकीतून त्या बघत होत्या. रात्री सून दमून यायची, लगेच झोपायची. सांगावं तर वाटायचं, समिती दोन दिवसांवर, आता मीच बरोबर होते हे कुठल्या तोंडाने सांगू? आज मासे उलटे व्हायला लागले तेव्हा त्यांनी फुलवालीला हाक मारली. फुलवाली लग्नाला निघाली होती, तिने जाता जाता मदत केली. मासे संध्याकाळी गुपचूप परत सोडायचे, असं ठरलं होतं. विहीणबाईंना वाटलं, ती सहाला परत येईल. दुकानाच्या दारावरची चिठ्ठी वाचली, तेव्हा कळलं की ती उद्याच येणार.

"मी शब्द मोडला ग," त्या सुनेला म्हणाल्या. "हात लावायचा नाही म्हणाली होतीस. पण मला बघवेना."

भाची उठली आणि सासूच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. जावई भिंतीकडे बघत राहिले, आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण संध्याकाळी मी त्यांना मनातल्या मनात तुरुंगात टाकलं होतं.

५

थंड खोलीची दुसरी किल्ली मशरूमवाल्याकडे होती. फुलवालीला फोन लावला तर पलीकडून नुसती वाजंत्री. चौथ्या वेळेला तिने उचलला आणि ओरडून सांगितलं, उघडा, उघडा, मी कधीची फोन करणार होते. मशरूमवाला किल्ली घेऊन धावत आला. आपली गाडी कशाने भिजली हे कळल्यावर तो इतका खूश झाला की त्याने दार उघडायचा मान मलाच दिला.

आत दिवा लावला. चारी बाजूंनी गुलाब, लिली, पानांच्या जुड्या, आणि मध्ये दोन मोठे टब. घरातला हवेचा छोटा पंप एका टबात बुडबुडे सोडत होता, आणि एक नळी दुसऱ्यात सोडलेली. एकोणीसच्या एकोणीस ट्राउट पोहत होते, चकचकीत, सळसळत. एकाने शेपटीने माझ्या चष्म्यावर पाणी उडवलं. भाची टबापाशी खाली बसली आणि मोजत सुटली. तीनदा मोजले. आम्ही सगळे त्या गारठ्यात वेड्यासारखे हसत होतो.

मग ती उठली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, कारण तेच माझ्याही मनात होतं. पहाटे पाणी सोळावर असणार. मासे तेव्हा परत सोडले, तर दहा वाजता समितीला डौलदार ट्राउट दिसतील आणि वहीत सोळा, सोळा, सतरा, सोळा दिसेल. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. दुपारी बघायला कोण येणार होतं? मी तर तसं बोलूनही टाकलं. हिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गुलाबांचा वास घेऊ लागलो.

भाची म्हणाली, विचार करते. आणि घरी गेली.

६

सकाळी दहाला समिती आली. तिघं जण, पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका. मी पंचावन्न वर्षांनी मुख्याध्यापिकेसमोर उभा होतो, तरी हात आपोआप मागे गेले.

त्यांनी हौदात डोकावून पाहिलं. दोन लाल कार्प. अर्जात तर एकोणीस ट्राउट लिहिले आहेत, त्या म्हणाल्या. आम्ही सगळे भाचीकडे बघू लागलो. मशरूमवाला फाटकाशी उभा होता, तोसुद्धा श्वास रोखून.

भाचीने त्यांना सगळं सांगितलं. एकही गोष्ट झाकली नाही. बेकरीची सवय सांगितली, सहा वाजताची वही दाखवली, आदल्या संध्याकाळचा तेविसाचा आकडा तिने त्याच पानावर लाल शाईने लिहिला होता, तोही दाखवला. मासे सासूबाईंनी वाचवले, मी वाचवले नाहीत, हेही तिने सांगितलं. मग त्यांना थंड खोलीत नेऊन ट्राउट दाखवले. ज्याच्याकडून पिल्लं घेतली होती तो डोंगरावरचा मासेवाला दुपारी येऊन ते परत नेणार आहे, बदल्यात थंडीत नवी पिल्लं देणार आहे, इथपर्यंत तिने रात्रीतून ठरवून ठेवलं होतं. अर्जात लिहिलेलं आज माझ्याकडे नाही, ती म्हणाली, त्यामुळे तुम्ही नाही म्हणालात तर मला समजेल.

समितीच्या तिघांनी बाजूला जाऊन कुजबुज केली. ती दोन मिनिटं मला लिफ्टच्या तुटक्या दोराला लटकून काढल्यासारखी गेली. भाचीने सासूबाईंचा हात घट्ट धरला होता.

मुख्याध्यापिका परत आल्या. काचघरात दुपारी याहून जास्त तापतं, म्हणाल्या. मागच्या माणसाने सगळं उकडून घालवलं आणि शेवटच्या दिवसापर्यंत आमच्यापासून लपवलं. आम्हाला चुका न करणारा माणूस मिळणार नाही, त्या सांगणारा मिळतो का ते बघत होतो. मग त्यांनी कागदावर सही केली आणि पेनाचं टोपण लावता लावता विचारलं की, आता काचघरात कोणते मासे सोडणार?

 भाचीने सासूकडे बघितलं. "ते आई सांगतील," ती म्हणाली.

मला वाटलं, आता कार्प. महिनाभर दाबून ठेवलेलं बोलायची संधी कुणी सोडतं का? विहीणबाईंनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं आणि मुख्याध्यापिकांच्या नजरेला नजर दिली.

"थंडीत हिचे ट्राउट," त्या म्हणाल्या. "तिच्या हातून त्या मेल्यांनी किती अंग धरलं ते बघितलंत ना. पाणी तापायला लागलं की ते डोंगरावर जातील, आणि तेवढे चार महिने मी माझे कार्प सांभाळीन. दुपारी मी जागीच असते."